एकच चेहरा निवडा

मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी काही विचारलं की घसा धरतो आणि मी नुसती मान हलवते. मान हलवली की लोक हो समजतात. अशीच एकदा मान हलवली आणि मी अ‍ॅडमिन झाले.

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत मी साफसफाईच्या बायकांची मुकादम होते. इमारतीत सगळ्या सॉफ्टवेअरच्या कंपन्या, बायका ठेकेदाराच्या. हजेरी घ्यायची, मजले वाटून द्यायचे, फिनेल आणि फडकी द्यायची, एवढं माझं काम. शिक्षण चौथी. मराठी वाचता-लिहिता येतं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखता येतात, एकत्र आली की मी दमते. त्या कामाला तेवढं पुरत होतं.

मग आमचा सुपरवायझर दुसरीकडे लागला. जायच्या दिवशी त्याने हजेरीच्या यंत्रातून स्वतःचा फोन नंबर काढला आणि माझा घातला.

"मावशी, तुम्ही रोज असता ना? फोनवर एक नंबर येईल, ओटीपी म्हणतात त्याला. कुणी विचारला की सांगायचा. बाकी काही नाही."

मी मान हलवली. तो पेढे वाटून गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी आलाच नाही. यंत्रात कुठेतरी माझ्या नंबरापुढे अ‍ॅडमिन असं लिहिलं होतं आणि जगात कुणालाही ते बदलायला वेळ नव्हता.

व्हर्जन हा शब्द मी तेव्हा शिकले आणि तेव्हापासून त्याचा राग करते. सकाळी तळघरात बायका रांगेत उभ्या असायच्या. मी टॅबलेट उघडावा तर पडद्यावर चक्र फिरत असायचं. नवीन व्हर्जन येतंय. ते कधी दुपारी आलं नाही, बायका घरी गेल्यावर आलं नाही. रांग लागली की यायचं. चक्र थांबलं की कालचं हिरवं बटण निळं होऊन खाली गेलेलं असायचं आणि हिरव्याच्या जागी काहीतरी तिसरंच. मी चुकून ते दाबायचे आणि सगळ्या बायकांची सुट्टी मांडली जायची. वर लिहून यायचं, 'आता आणखी सोपं!' शेजारी हसरं तोंड. आणखी सोपं झालं की मी आधी बायकांना पायऱ्यांवर बसायला सांगायचे.

हे हजेरीचं यंत्र ठेकेदाराचं. फाटकावरचं यंत्र वेगळं, ते इमारतवाल्यांचं, दुसऱ्या कंपनीचं. हजेरीवाले बदल करायचे ते फाटकवाल्यांना माहीत नसायचे. फाटकवाले बदल करायचे ते हजेरीवाल्यांना माहीत नसायचे. बाईला फाटकाने आत सोडलं तर हजेरी म्हणायची ही कोण. हजेरीने ओळखलं तर फाटक लाल दिवा दाखवायचं. मी फोन करायचे. फोन करायच्या आधी मनात दोनदा वाक्य म्हणून बघायचे. पलीकडून कुणीतरी पोरगा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आमच्या साइडने ओके आहे." मग मी दुसऱ्यांना फोन करायचे. त्यांच्याही साइडने ओके असायचं. ओके नसायच्या त्या फक्त माझ्या बायका, पायऱ्यांवर बसलेल्या.

वरच्या मजल्यांवर जी पोरं-पोरी कामाला होती, तीही हेच करत असणार, दुसऱ्या कुणासाठी तरी. एकदा एक मुलगी बेसिनवर तोंड धूत होती. डोळे सुजलेले. मला म्हणाली, "मावशी, आज आमचं रिलीज आहे. देवाला सांगा काहीतरी." मी हसले. मनात म्हटलं, कुणासाठी सांगू, तुझ्यासाठी की ज्या बाईच्या डोक्यावर ते उद्या सकाळी पडणार आहे तिच्यासाठी?

आमच्यात दोन जावा होत्या. त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणायचे, मीही तसंच म्हणते. खराडीतल्याच, मूळ गावच्या. जमीन होती ती गेली, पैसे आले तेही गेले. तो सगळा पुरुषांचा कारभार. घरात सासू. तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. तिला उठवायला, बसवायला, भरवायला कुणीतरी सतत पाहिजे. म्हणून दोघींनी मिळून एकच काम धरलं होतं. एक आठवडा थोरली यायची, एक आठवडा धाकटी. कागदावर नाव थोरलीचं. यात चोरून काही नव्हतं. बदली बाई देणं ही आमच्या कामातली जुनी रीत आहे. कुणी बाळंत होते, कुणाच्या घरी लग्न निघतं, मग नणंद येते, बहीण येते, जाऊ येते. फरशी पुसली जाते, कुणाचं काही अडत नाही.

अंगठ्याचं यंत्र होतं तेव्हा ते प्रत्येकीची दोन बोटं मागायचं. आमची बोटं अ‍ॅसिडने झिजतात, एक नाही उमटलं तर दुसरं असावं म्हणून. तेव्हाच्या सुपरवायझरने थोरलीच्या नावावर एक बोट थोरलीचं घेतलं आणि दुसरं धाकटीचं. "यंत्राला काय, बोट म्हणजे बोट," असं सगळ्यांदेखत म्हणाला होता. कितीतरी वर्षं यंत्रानेही कुरकुर केली नाही.

पगार एकाच घरात जायचा, त्यावरून त्यांच्यात कधी वाजलं नाही. त्यांना हवा असायचा तो आपापला बाहेरचा आठवडा. थोरलीचा आठवडा असला की ती सगळ्यांच्या आधी हजर. केस चापूनचोपून, कानात झुबे. वरच्या मजल्याची काच पुसताना खाली बोट दाखवून सांगायची, "ती पार्किंग दिसती का, तितं आमची हीर हुती." जेवताना बायकांना नकला करून दाखवायची, सासूची, नवऱ्याची, माझी. घरी जाताना भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत उभी राहायची, घ्यायचं काही नसलं तरी. धाकटी तिच्या आठवड्यात एवढं बोलायची नाही. ती डबा संपवून जिन्यात एकटी बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "इथं कुणी हाक मारत नाही."

मग ती साथ आली आणि गेली आणि बोट लावणं बंद झालं. आता चेहरा.

हजेरी कंपनीचा माणूस चेहरे घ्यायला आला, तो थोरलीचा आठवडा होता. बायका ओळीने उभ्या राहिल्या, पदर नीट केले, थोरली फोटोला हसली. पुढच्या आठवड्यात फाटकाच्या कंपनीचा माणूस आला. तो धाकटीचा आठवडा. त्याने थोरलीच्या नावाच्या कार्डाचा नंबर बघितला आणि त्यावर समोर जी उभी होती तिचा चेहरा घेतला. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, बोटांसारखंच असेल. दोन यंत्रं आहेत म्हणजे एकात ही, एकात ती, झाल्या दोघी. यात काही चुकतंय हे डोक्यातच आलं नाही.

पुढच्या सोमवारी दोन्ही यंत्रं चेहऱ्यावर सुरू झाली आणि थोरली फाटकावर उभी राहिली. लाल दिवा. पुन्हा उभी राहिली. लाल दिवा. वॉचमन म्हणाला, "ओळखत नाही म्हणतंय." थोरली त्याला म्हणाली, "तू तर वळकतोस ना? मंग सोड." त्याने हात वर केले. तिने घरी फोन करून धाकटीला बोलावलं. धाकटी आली, फाटकाने हिरवा दिवा दाखवून तिला आत घेतलं, आणि खाली तळघरात हजेरीच्या टॅबलेटने तिला सांगितलं, चेहरा जुळत नाही.

म्हणजे आत येऊ शकत होती ती धाकटी आणि हजर होऊ शकत होती ती थोरली. हे कळायला मला दोन दिवस लागले. कळल्यावर मी तळघरात फिनेलच्या कॅनवर बसले आणि एकटीच शिव्या दिल्या. मला शिव्या येतात. फक्त माणसांसमोर येत नाहीत.

मी दोन्हीकडे फोन केले. आमच्या साइडने ओके आहे. आमच्या साइडने ओके आहे.

मग आम्ही आमचा मार्ग काढला. सकाळी दोघी यायच्या. सासूजवळ तेवढा वेळ शेजारीण. धाकटी फाटकातून आत जायची. मी टॅबलेट घेऊन मागच्या रॅम्पवर जायचे आणि कठड्यावरून बाहेर धरायचे. पलीकडून थोरली त्यात तोंड दाखवायची. हजेरी लागली की ती घरी आणि धाकटी मजल्यावर. संध्याकाळी सुटायच्या वेळी पुन्हा तेच. बायका हसायच्या, म्हणायच्या, आरती ओवाळताय का मुकादमबाई. थोरलीही आधी हसायची. ती म्हणायची, "माजं तोंड तेवढं कामाला, बाकीची म्या घरी."

पण आठवडे गेले तसं तिचं हसणं गेलं. फाटकाला धाकटीच माहीत, तेव्हा रोज आत जाणार ती धाकटीच. थोरलीचा आठवडा उगवेचना. ती दिवसातून दोनदा धापा टाकत यायची, माझ्या हातातल्या त्या काचेत बघायची आणि परत सासूकडे पळायची. एका सकाळी तिने झुबे घातले नव्हते. तीच म्हणाली, "फोटूला कशाला पाहिजेत?"

त्यातच टॅबलेट बंद पडला. पुन्हा व्हर्जन, पुन्हा चक्र, आणि या वेळी चक्र थांबेचना. ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला, "मावशी, बुधवार पेठेत दुरुस्तीवाल्याला दाखवून आणा, बिल पाठवा." माझ्या सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून मी तो पिशवीत घालून घेऊन गेले. दुकानदाराने उलटासुलटा करून बघितला, वायर लावली, काढली आणि माझ्यापुढे सरकवला.

"बाई, हे ठणठणीत आहे."

"मग चालत का नाही?" एवढं मी विचारू शकले.

"ह्यात रोज काहीतरी कोंबणारे आहेत ना, त्यांना आणा. त्यांना दाखवू कुठेतरी." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी टॅबलेट आपोआप सुरू झाला. कसा, कुणी केला, कुणाला विचारायचं, काही नाही. त्यांच्या साइडने तो कधी बंदच पडला नव्हता.

सुरू झाला तो नवीन अटी घेऊन. आता नुसता चेहरा चालेना, डोळे मिचकवा म्हणून सांगायचा. थोरली मिचकवायची. मग म्हणाला, आपण कामाच्या जागेबाहेर आहात. मी रॅम्पवर आणखी आत सरकले, थोरलीने कठड्यावरून मान आत घातली. एक दिवस जमायचं, एक दिवस नाही. वॉचमन म्हणाला, "बाई, पडाल हां." थोरली त्याला म्हणाली, "पडले तर आतल्या बाजूला पडीन."

आणि मग दोन्ही कंपन्यांची माहिती एकत्र झाली. कुणी केली माहीत नाही. एवढ्या दिवसांत त्यांना जे एकदाही सुचलं नव्हतं ते सुचलं, आणि तेही कुणाला न सांगता. सकाळी टॅबलेट उघडला तर थोरलीच्या नावाखाली दोन फोटो. डावीकडे थोरली, हसणारी. उजवीकडे धाकटी, घाबरलेली. खाली मराठीत लिहिलेलं, 'एकच चेहरा निवडा. दुसरा कायमचा काढला जाईल.' आणि माझ्या फोनवर ओटीपी.

मी टॅबलेट पालथा ठेवला.

ठेकेदाराच्या साहेबांना फोन केला. वयाने माझ्या मुलाएवढे. काम असलं की मावशी, नसलं की मॅडम. "मावशी, सिम्पल आहे. जी कामाला येते तिला ठेवा, दुसरीला डिलीट."

"दोघी येतात, साहेब. आलटून पालटून."

"तसं सिस्टिममध्ये बसत नाही. एक नाव, एक चेहरा."

"मग दोघींना घ्या."

"जागा एकच मंजूर आहे. आणि दोघींना घेतलं तर दोघींनी रोज यावं लागेल. येतील?"

येणार नव्हत्या. सासूला कुणी बघायचं? यंत्राला एक बाई कळत होती, दोन बाया कळत होत्या. दोघींचं मिळून एक काम त्याला कळत नव्हतं. बोटांच्या काळात कळत होतं, ते आणखी सोपं करता करता त्यांनी विसरायला लावलं.

दोन फोटोंची बातमी दुपारपर्यंत सगळ्यांना झाली. संध्याकाळी धाकटी मागे थांबली. फडकी वाळत घालायला मदत करायच्या निमित्ताने. म्हणाली, "मावशी, तुमच्या हातात आहे म्हणे." मी तिच्याकडे पुढचं फडकं दिलं. "त्यांचं आता वय झालं. त्यांना घरात बरं पडेल. माझं पुढं किती आहे अजून. रोज त्या खोलीत..." पुढचं तिने सांगितलं नाही. फडकं पिळत राहिली, त्यात पाणी नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅम्पवर थोरली कठड्याला टेकली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "मुकादमबाई, नाव माजं हाय. आधी म्या लागले, तवा ही लग्न होऊनबी आली नव्हती. म्हातारीचं म्या लय केलं. आता हिनं करावं. तुमी माजं तोंड ठेवा." मग आवाज खाली करून म्हणाली, "तिला सांगू नका म्या बोलले म्हून."

दोघी एका घरात राहतात, एकीच्या ताटातलं मीठ दुसरीला देतात, आणि दोघी एकमेकींच्या चोरून माझ्याकडे येत होत्या. इतक्या वर्षांत सासूने, नवऱ्यांनी, जमिनीच्या पैशाने जे झालं नाही, ते एका पडद्यावरच्या दोन चौकोनांनी एका दिवसात केलं. मला त्या दिवशी कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. समोर कुणी नव्हतं. सगळे कुठल्या तरी साइडला होते.

मी चेहरा निवडला नाही. मग एक दिवस इमारतीच्या मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. कारण माझं उत्तर गेल्याशिवाय हजेरीवाल्यांचं पुढचं व्हर्जन आमच्या इमारतीत चढेना. मॅनेजर पेठेतले, बारीक आवाजाचे. ठेकेदाराचे साहेब होते, फाटक कंपनीचा इंजिनिअर होता, हजेरी कंपनीचा मुलगा फोनच्या स्पीकरवर. मी टॅबलेट छातीशी धरून दाराजवळ उभी. बस असं कुणी म्हटलं नाही.

इंजिनिअर म्हणाला, "सर, आम्ही कार्ड नंबरप्रमाणे फेस कॅप्चर केला. आमच्या साइडने..."

"ओके आहे," मॅनेजर म्हणाले. "पुढे."

स्पीकरवरचा म्हणाला, "आमचा डेटा आधीचा आहे सर, त्यामुळे आमच्या साइडने पण..."

"वा. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून दोन बायकांची एक बाई तयार केली. आता तिच्यासाठी स्थळही तुम्हीच बघा."

साहेब हसले. मॅनेजर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "अहो बाई, तो नंबर सांगा आणि हे संपवा. आपल्याला तरी कुठे हौस आहे."

ओटीपी माझ्या फोनवर होता. पदराखाली फोन हातात होता, नुकताच वाजलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आला नाही."

"पुन्हा पाठवा," साहेब म्हणाले.

फोन पुन्हा थरथरला. "आला नाही."

"नेटवर्क इश्यू असेल," स्पीकर म्हणाला.

"तुमच्या साइडला की आमच्या?" मॅनेजरांनी विचारलं.

तिसऱ्यांदाही आला नाही. मग साहेबांना सुचलं की माझा नंबरच काढून दुसरा घालावा. स्पीकरवरच्या मुलाने सांगितलं, अ‍ॅडमिन बदलायला जुन्या अ‍ॅडमिनचा ओटीपी लागतो. मॅनेजरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तोवर कागदावर सही घ्या. सही म्हणजे काय ते आठवतंय ना कुणाला?"

आमच्यासाठी मागचं फाटक वॉचमनच्या हाती आलं, हजेरी कागदावर. पहिल्याच सोमवारी थोरली आली. झुबे घालून. वॉचमनच्या समोर फाटकातून मुद्दाम सावकाश गेली. तो आठवडा तिचा, पुढचा धाकटीचा, त्याच्या पुढचा तिचा. दोघी मला काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकमेकींनाही काही सांगितलं नसणार. पण धाकटी पुन्हा जिन्यात बसायला लागली आणि थोरलीने एकदा साहेबांची नक्कल केली, "मावशी, सिम्पल आहे." बायका पोट धरून हसल्या. मला वाटलं, चाललंय तसं चालेल. ते कधीतरी दमतील.

ते दमत नाहीत. माझ्या उत्तराशिवाय चढेल असं नवीन व्हर्जन त्यांनी आणलं आणि त्यात अ‍ॅडमिनच काढून टाकला. इमारतीत अ‍ॅडमिन नकोच, सगळं आपोआप. माझ्या फोनवर नंबर येणं बंद झालं, कागदावरची सहीही बंद झाली. टॅबलेट उघडला तर तक्रार नाही, प्रश्न नाही, हसरं तोंड. थोरलीच्या नावासमोर एकच फोटो होता. धाकटीचा. मी साहेबांना विचारलं, हा कुणी ठेवला? ते म्हणाले, सिस्टिमने. कशावरून? "लेटेस्ट असेल, मावशी. सिस्टिम लेटेस्ट घेते." थोरलीचा परत घालता येईल का? त्यासाठी अ‍ॅडमिन लागतो.

म्हणजे आता दोन्ही यंत्रांत नाव थोरलीचं आणि चेहरा धाकटीचा. धाकटी रोज यायला लागली. जिन्यात बसायचं तिने सोडून दिलं. डबा उघडायची आणि पटकन संपवून फडकं हातात घ्यायची. कुणी थोरलीबद्दल विचारलं तर म्हणायची, "बऱ्या आहेत," आणि उठायची. माझ्याशी बोलताना नजर दुसरीकडे. तिला वाटत होतं तिच्यासाठी मी दाबलं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. मी दाबलं नाही हे तिला सांगायला गेले तर ती "असू दे मावशी" म्हणाली. विश्वास ठेवला नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. थोरलीने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"काय, बघाया आलाय व्हय?"

"मी नाही दाबलं," मी म्हटलं. एवढं बोलायला मी वाटभर तयारी केली होती.

"मंग कुणी?"

"कुणी नाही. आपोआप झालं."

"आपोआप कसं हुईल? कुणाचं तरी बोट लागलंच आसंल की."

"त्यांनाही माहीत नाही. मी विचारलं."

"म्हंजी शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या?"

मी स्वतः कित्येक दिवस तेच शोधत होते. तोंड भरून शिव्या आहेत आणि द्यायला माणूस नाही.

"आन् नाव? नाव माजंच हाय ना आजून?"

"तुझंच."

"बरं हाय. नाव रोज जातंय कामाला. माणसांत बसतंय." दारातून बाजूला झाली. "या आत. बसा हितं म्हातारीपाशी. पानी मागितलं तर चमच्यानं द्या, गलासानं न्हाय, ठसका लागतोय." मी कॉटजवळ बसले तोवर तिने चपला घातल्या होत्या. कुठे चाललीस म्हणून विचारायच्या आत ती गेली.

म्हातारीने मला पहिल्यांदा कोण म्हणून विचारलं, मग थोरली कुठाय म्हणून. बाहेर गेली म्हटलं. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. मी तिला चमच्याने पाणी दिलं, कूस बदलून दिली, तोंड पुसलं. तिचं अंग जड होतं, माझी कंबर धरली. खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडते. ऊन आलं आणि गेलं. कितीदा तरी म्हातारीने हाक मारली, पाणी नको, काही नको, नुसती हाक.

धाकटी कामावरून आली तेव्हा अंधारून येत होतं. मला बघून दारातच थबकली. "त्या कुठं आहेत?"

"बाहेर."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

कामाचा निळा कोट अंगावर तसाच ठेवून तिने भात कालवला आणि सासूला भरवायला बसली. भरवून होत आलं तेव्हा थोरली आली. पायांवर धूळ, हात रिकामे.

"कुठं गेला होता, जाऊबाई?"

"नदीपत्तूर."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? गेले."

धाकटी उठली आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. थोरली उभ्यानेच पाणी प्यायली. मग दाराशी बसून पाय धुतले, घाई न करता, आधी एक, मग दुसरा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची पुढची सुट्टी कवा आसती, मुकादमबाई?"

मी वार सांगितला.